बोयाचे आठ आठवडे

कुत्रा बोया गडग्यापाशी थांबला, आणि त्याच्याकडे बघत बदरुद्दीनही जागीच उभा राहिला. तसं पाहिलं तर काहीच घडलं नव्हतं. सकाळची वेळ, वाडीच्या वरच्या अंगाला वानरांची टोळी उतरलेली, शहाळी जमिनीवर आदळल्याचे आवाज, आणि बोया नेहमीसारखा कान मागे टाकून सुटलेला. पोफळींच्या रांगेतून गेला, पाण्याच्या पाटावरून गेला, आणि जांभ्याचे चिरे रचून केलेल्या त्या कमरेएवढ्या गडग्यापाशी, जिथून गेली पाच वर्षं तो वाटेत काही आडवं आलेलंच नाही अशा थाटात पलीकडे जात असे, तिथं थांबला. पुढचे दोन पाय त्यानं चिऱ्यावर टेकले. मग मान वळवून मागं पाहिलं. कुत्र्याच्या नजरेत काय असतं हे छातीठोकपणे सांगणाऱ्या लोकांवर बदरुद्दीनचा मुळीच विश्वास नव्हता. पण ही नजर त्यानं कुठंतरी आधी पाहिली होती. कुठं, ते काही केल्या आठवेना. वानरांनी आणखी दोन शहाळी पाडली, चवीनं खाल्ली, आणि कसलीही घाई न करता ती निघून गेली.

बदरुद्दीननं शारजाच्या बंदरात अठ्ठावीस वर्षं क्रेन चालवली होती. जमिनीपासून चाळीस मीटरवर काचेच्या केबिनमध्ये बसून तो जहाजावरचे कंटेनर उचलायचा आणि अंड्यावर अंडं ठेवावं तसे खाली ठेवायचा. कामावर त्याचं नाव होतं ते घाई न करणारा माणूस म्हणून. दिघीला कायमचा परत आला तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात मासे विकायला येणाऱ्या नीराबाईनं पाटीतून एक पिल्लू आणून त्याच्यासमोर ठेवलं. ते जाळं तरंगत ठेवणारा एक फुटका बोया तोंडात धरून ओढत होतं, स्वतःपेक्षा मोठा, आणि सोडायला तयार नव्हतं. नावाचा प्रश्न तिथंच सुटला. त्याच्या बायकोनं, गुलबानूनं, मात्र दारातूनच अट घातली होती. तिच्या माहेरीही आणि सासरीही कुत्रं कुणी पाळलं नव्हतं. कुत्र्याची लाळ किंवा ओलं अंग लागलं तर ती जागा सात पाण्यांनी धुवायची, त्यातलं एक पाणी मातीचं, हे त्या घरात कुणी कुणाला शिकवावं लागत नसे. ती म्हणाली होती, "वाडीच्या राखणीला कुत्रा चालतो, शौकाला चालत नाय. काम करील तवर राहील." म्हणून बोया वाडीतल्या खोपटात राहिला. मागच्या दाराशी नळाजवळ माती ठेवायला एक चेपलेलं ॲल्युमिनियमचं ताट आलं. आणि कुत्र्याजवळ जायचे कपडे वेगळे पाहिजेत म्हणून बदरुद्दीननं कंपनीचा जुना नारिंगी बॉयलर सूट ट्रंकेतून काढून विहिरीजवळच्या खिळ्याला लावला. त्या सुटात तो वाडीत हिंडू लागला की रस्त्यावरून जाणारे लोक तेलाचा साठा लागला का म्हणून विचारायचे.

गडग्यावरचा तो प्रकार त्यानं घरात सांगितला नाही. पण गुलबानूनं तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला होता. तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे, आणि पाहिलेलं लगेच बोलून टाकायची तिला सवय नव्हती. चार दिवसांनी भाकरी थापताना ती म्हणाली, "मुसअबचा फोन आलता." मुसअब म्हणजे बदरुद्दीनच्या बहिणीचा मुलगा, म्हसळ्याला त्याचा कोंबड्यांचा मोठा फार्म. "त्याच्याकडं दीड वर्साचा एक कुत्रा हाय. चपळ हाय म्हनं. तो आपल्याला देतो. आपला तो घेऊन जातो. फार्मच्या दाराशी बांधायला कसाबी चालंल." बदरुद्दीन भाकरी मोडत राहिला. बांधायला हा शब्द त्याच्या कानात राहिला. बोयाला आजवर साखळी माहीत नव्हती. त्यानं विचारलं, कधी येतोय. ती म्हणाली, "डिसेंबरच्या शेवटाला." आणि मग तव्याकडे बघत, जरा हळू आवाजात, "तोवर तो उड्या माराय लागला तर ऱ्हाऊ दे की. मला काय त्याचं वैर हाय?" बदरुद्दीननं मनात आठवडे मोजले. आठ होते.

दुसऱ्याच दिवशी तो बोयाला घेऊन फेरीबोटीनं अगरदांड्याला गेला. तिथून पुढं रस्त्याला जनावरांच्या डॉक्टर किशोरी यांचा दवाखाना होता. कोळीवाड्यातली पोरगी, तिशीची, बोलायला फटकळ. तिनं बोयाला चालवून पाहिलं, बसवून उठवून पाहिलं, मागचे पाय वाकवून पाहिले, आणि बदरुद्दीनचा हात धरून कुत्र्याच्या कुशीवर ठेवला. "चाचा, ह्याची बरगडी शोधून दाखवा." बदरुद्दीननं शोधली. बराच वेळ शोधली. "नाय ना सापडत? आजारबिजार काय नाय ह्याला. पावसाळ्यात काय करत होता?" बसून होता, तो म्हणाला. चार महिने पाऊस, खोपटाच्या बाहेर काय जाणार. आणि खायला? खायला व्यवस्थित, बदरुद्दीन जरा अभिमानानं म्हणाला. पाव, मटणाची चरबी, भात, ईदला तर विचारू नका. "म्हणजे चार महिने बसायचं, खायचं, आणि एक दिवस उठून वांदरांमागं सुसाट सुटायचं. सहा वर्षांचा कुत्रा म्हणजे भर उमेदीतला गडी, चाचा. त्याला म्हातारपण नाय आलं. तुम्ही आणताय." मग तिनं एका कागदावर आठवड्यांचे चौकोन आखून दिले. आधी दोरी धरून पाच मिनिटं सावकाश चाल, अंग तापेपर्यंत. मग दहा उठाबशा. जमिनीवर वीतभर उंचीच्या काठ्या आडव्या ठेवायच्या आणि त्यांच्यावरून एकेक पाय उचलत चालवायचं. दुसऱ्या आठवड्यापासून चढाची वाट. तिसऱ्यापासून पोटाला लागेल एवढ्या पाण्यात चालणं. शेवटी पुन्हा सावकाश चाल. दोन दिवसांआड विश्रांती. उडी अजिबात नाही. "आणि एक सांगते. तो म्हणेल अजून पाहिजे. तेव्हाच थांबायचं." बदरुद्दीननं विचारलं, विश्रांती नाही दिली तर लवकर होईल का. डॉक्टरनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं कागदाची घडी घातली आणि फेरीबोट गाठली.

पहिले दिवस त्याला लाज वाटली. साठीचा माणूस नारिंगी सुटात कुत्र्याला बस म्हणतोय, ऊठ म्हणतोय, आणि एक-दोन-तीन मोजतोय. बोयाला पहिल्यांदा हा गमतीचा खेळ वाटला, मग सहाव्या उठाबशीला तो बसल्या जागीच राहिला आणि दुसरीकडं बघू लागला, शाळेत वर्ग चालू असताना बघतात तसं. पोफळीच्या चिरलेल्या पट्ट्या बदरुद्दीननं विटांवर मांडल्या होत्या. पुढचे पाय बोया नीट उचलायचा. मागचे पाय आपल्याला आहेत हे जणू त्याच्या गावीच नव्हतं. पट्टी पडायची. बदरुद्दीन ती पुन्हा मांडायचा. दहाव्या दिवशी एकही पट्टी पडली नाही, आणि बदरुद्दीनला झालेला आनंद इतका होता की त्यानं आजूबाजूला कुणी बघतंय का ते पाहिलं. खिडकीत गुलबानू होती. ती लगेच आत वळली. मग त्याला ह्या सगळ्याची गोडी लागली. सकाळची नमाज, चहा, बॉयलर सूट, घड्याळ. आंब्याच्या बांधाकडं जाणारी चढाची वाट. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरचं गुडघाभर पाणी, त्यात बोया पाय काढत आणि ठेवत चाललेला, पाण्याचा रेटा छातीवर घेत, आणि बाजूनं तो स्वतः, सूट मांडीपर्यंत वर करून. ओल्या कुत्र्यानं अंग झाडलं की तोही ओला. मग घरी मागच्या दाराशी सात पाणी, त्यातलं एक मातीचं. पाणी मोजता मोजता त्याच्या मनात येई की आपल्याला बरं वाटतंय. एवढं बरं का वाटतंय, कशामुळं, असा प्रश्नही तो मग करायचा, कारण नुसतं बरं वाटून घ्यायची सवय त्याला फार वर्षांत उरली नव्हती. पण बरं वाटत होतं, हे खरं होतं. रात्री झोप लागत होती. गुडघा कुरकुर करायचा थांबला होता. चौथ्या आठवड्यात त्यानं बोयाच्या कुशीवर हात ठेवला आणि लुसलुशीत कातडीखाली, हलकीशी, एक बरगडी त्याच्या बोटाला लागली.

आणि त्याच दिवशी, बांधावर टेकलेला असताना, त्याला ती नजर आठवली. त्याचा मुलगा फैझान सात वर्षांचा होता. तेव्हा बदरुद्दीनला दर वर्षाआड दोन महिने सुट्टी मिळायची; अठ्ठावीस वर्षांत मिळून अठ्ठावीस महिने. त्या दोन महिन्यांत सगळं बसवायचं असायचं. एका दिवसात दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर, रात्री पोरं गाडीत ओकलेली. सगळ्या नातेवाइकांकडं जेवणं. सगळी खेळणी, सगळं चॉकलेट, सगळी माया, ओतून रिकामं व्हायचं आणि विमानात बसायचं. त्या सुट्टीत पोराला पोहायला शिकवायचं राहिलं होतं आणि चार दिवस उरले होते. खाडीच्या धक्क्यावर फैझानला तो घेऊन गेला. शेवटच्या पायरीवर पोर थांबलं, एक पाय पाण्यात, आणि मान वळवून मागं बघितलं. "उतर रे, मी हाय की," बदरुद्दीन म्हणाला होता, "आज झालं तर झालं." पोर उतरलं. गटांगळी खाल्ली, पाणी प्यालं, खोकलं, रडलं. काही वाईट झालं नाही. फक्त त्यानंतर फैझान पुन्हा कधी पाण्यात उतरला नाही. आता तो दोहाला अठराव्या मजल्यावर राहतो, इमारतीत पोहायचा तलाव आहे, आणि तो तलावाचे फोटो पाठवतो. उलट मुलगी, काशिफा, सायकल शिकली ती गुलबानूच्या हातची. रोज उन्हं कलल्यावर, असरच्या नमाजेनंतर गल्लीत, सीट मागून धरून, दहा मिनिटं, तीन महिने. बदरुद्दीन पुढच्या सुट्टीला आला तेव्हा पोरगी सायकलवरून शाळेत जात होती. त्याला वाटलं होतं, पोरी हुशार असतात. त्या तीन महिन्यांबद्दल त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं. चाळीस मीटरवर बसून परक्यांचे कंटेनर इतक्या धीरानं ठेवणारा माणूस घरी आल्यावर सगळं फेकत सुटायचा. बांधावर बसून त्याला ह्याचं वाईट वाटलं. मग बोया येऊन पायाशी बसला आणि थोडं कमी वाटलं.

असं सगळं कळलं की माणूस सुधारायला पाहिजे. बदरुद्दीन मात्र पाचव्या आठवड्यात एका सकाळी जुन्या वळणावर गेला. ओहोटी लांबवर गेली होती, वाळू घट्ट होती, वारा गार होता, आणि बोया आज वेगळाच चालत होता. मान वर, शेपूट वर, दोरी ताणून. कागदावर त्या दिवशी मिनिटभर दुडकी चाल आणि दोन मिनिटं साधी चाल, असं चार वेळा लिहिलेलं होतं. चार वेळा झालं. बोया म्हणत होता अजून पाहिजे. बदरुद्दीनला तीन आठवडे दिसले, मुसअबची गाडी दिसली, फार्मच्या दाराची साखळी दिसली, आणि त्यानं दोरी सोडली. बोया काळ्या खडकापर्यंत पळाला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. बदरुद्दीन टाळ्या वाजवत होता. घरी येताना गडगा आला, आणि त्यानं हात वर करून म्हटलं, चल. बोयानं उडी मारली. मारली खरी. पलीकडं पडताना एक बारीक आवाज त्याच्या तोंडून आला, आणि दुसऱ्या दिवशी डावा मागचा पाय तो टेकेना.

बदरुद्दीननं डॉक्टरला फोन करून बोलणी खाल्ली. हाड मोडलेलं नव्हतं, स्नायू ताणला होता. पाच दिवस पूर्ण आराम, मग पहिल्या आठवड्यापासून सुरुवात. घरात मात्र त्यानं विश्रांतीचा दिवस असं सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. कागद स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलेला होता आणि गुलबानूला वाचता येत होतं. तिसऱ्या दिवशी तो खोपटातून बोयाचा पाय शेकून आला आणि मागच्या दाराशी हात धुवायला बसला. ती तांब्या घेऊन आली आणि पाणी घालू लागली. एक. दोन. मग ती म्हणाली, "किती पळवलं?"

मातीचं ताट बदरुद्दीननं ओढलं, हात चोळले.

"आनी गडग्यावरून?"

"मारली की उडी त्यानं," तो म्हणाला. "वेळ कमी हाय, गुलबानू. तुझा मुसअब येनार."

"माझा मुसअब?" ती हसली. तिसरं पाणी घातलं, चौथं घातलं. मग तांब्या तसाच हातात धरून थांबली. "आवो, तुमी सुट्टीवर नाय आता. कुठं जायाचंय तुमाला?"

हे ती रागानं बोलली नाही. ती साधंच बोलली, भात लावू का विचारावं तसं. त्यानं हात तसेच पुढं धरले. परत येऊन सहा वर्षं झाली होती, पासपोर्ट मुदत संपून कपाटात पडला होता, आणि तरी त्याच्या आत कुणीतरी रोज सकाळी उठून दिवस मोजत होतं, बॅग कधी भरायची ते बघत होतं. हे त्याला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं. किती वर्षं ठाऊक असेल, कोण जाणे. त्याचे डोळे भरून आले आणि पाण्याची मोजणी चुकली. "किती झाली?" त्यानं विचारलं. "चार," ती म्हणाली, "पाचवं घ्या." आणि तिनं पाचवं घातलं, सहावं घातलं, सातवं घातलं, आणि पदराला हात पुसत आत गेली.

त्यानंतर बोया पुन्हा पाच मिनिटांवर आला. पाच मिनिटं म्हणजे खोपटापासून विहिरीपर्यंत आणि परत. बदरुद्दीनला वाटलं होतं की हे आपल्याला जड जाईल, पण तसं झालं नाही. पाच मिनिटांत वाडी पुष्कळ दिसते. पोफळीवर मिरीचे वेल कुठपर्यंत चढलेत ते दिसतं, पाटात खेकड्यानं नवं बीळ केलेलं दिसतं, कुत्र्याच्या खांद्याचं हाड चालताना कातडीखाली पुढं-मागं कसं होतं ते दिसतं. गुलबानू मधूनच प्लास्टिकची खुर्ची घेऊन मागच्या दाराशी बसू लागली. घड्याळ तिनं काढून घेतलं होतं. "झाली वेळ," ती तिथून ओरडायची, आणि माणूस आणि कुत्रा दोघंही निमूटपणे वळायचे. खाण्याचं मापही तिच्याकडं गेलं. चरबी बंद झाली. बोया पहिले दोन दिवस तिच्याकडं दुःखानं बघत राहिला. तिनं दाद दिली नाही. मुसअबबद्दल दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. पण बदरुद्दीन गडग्याकडं बघायचा तेव्हा त्याला हिशेब कळायचा. डिसेंबरच्या शेवटापर्यंत ही उडी काही होत नाही.

मुसअब ठरल्याप्रमाणे आला, पिकअप घेऊन, मागं पिंजऱ्यात एक तरतरीत तपकिरी कुत्रा. बदरुद्दीन बॉयलर सुटातच होता. त्याला वाटलं, आपण निदान सलाम करून बसायला सांगायला पाहिजे. पण तो बोयाची दोरी हातात धरून पोफळीखाली उभाच राहिला. मुसअबनं वाडीकडं नजर टाकली. "मामी, तो गडगा कुठं गेला?"

बदरुद्दीननंही वळून पाहिलं. गडग्याच्या मधोमध, नेमकं बोया उडी मारायचा तिथं, वरचे चिरे काढलेले होते. खालचा एकच थर राहिला होता, उंबरठ्याएवढा. काढलेले चिरे बाजूला नीट रचून ठेवलेले होते. काल संध्याकाळी तो जेटीवर गेला होता, तेव्हाचं काम.

"मी काढला," गुलबानू म्हणाली. तिच्या दोन बोटांना फडकी गुंडाळलेली होती. "उंच होता उगाच."

"आवो मामी, मग हा उडी मारतो का न्हाय?"

"नाय."

"आनी वांदरं?"

"येतात. हा चालत जातो, भुंकतो, ती जातात. त्यास्नी पन घाई नाय."

मुसअब हसला. तो मनानं चांगला माणूस होता, पण व्यवहारी होता. "अशानं राखन होते काय, मामी? तूच म्हनायचीस ना, काम करील तवर राहील. हा आता राखतो तरी काय?"

गुलबानूनं हनुवटीनं पोफळीखाली दाखवलं. "ह्यांना," ती म्हणाली. "सुट्टीवर घरी आले की दहाव्या दिवसापासनं कोपऱ्यातल्या बॅगेकडं बघायचे, बघ. साऱ्या जन्मात तीच नजर बघितली मी. सहा वर्सं इथं बसून पन बघतच होते. आता बघत नायत. हा बघू देत नाय." मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुझा कुत्रा परत घेऊन जा, बाबा. चहा ठेवलाय, तो पिऊन जा."

चहा पिताना तिघंही हवापाण्यावर बोलले. मुसअब गेल्यावर बदरुद्दीनला तिला काहीतरी सांगायचं होतं, बरंच सांगायचं होतं, अठ्ठावीस वर्षांचं. सगळं आत्ताच्या आत्ता, एकदम. तो दारापर्यंत गेला आणि थांबला. ती कप विसळत होती. "बोटं दुखतात का?" त्यानं एवढंच विचारलं. "दुखतात थोडी," ती म्हणाली. त्यानं तिच्या हातातले कप घेतले आणि विसळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो विहिरीवर गेला, खिळ्यावरचा सूट चढवला, दोरी घेतली. बोया आणि तो पोफळींतून सावकाश निघाले. पाट ओलांडला. उरलेल्या थरावरून बोयानं एकेक पाय उचलला, पुढचे दोन, मग मागचे दोन, आणि तो पलीकडं गेला. समोर किनारा होता, ओहोटी होती, वाळू घट्ट होती. बोयानं दोरी ताणली. मागच्या दारातून गुलबानूची हाक आली, झाली वेळ. बोया त्याच्याकडं बघत होता. अजून पाहिजे होतं त्याला, दिसतच होतं.

"चल," बदरुद्दीन म्हणाला आणि घराकडं वळला. उद्या होताच की.